फोन आधी की नंतर?

फॉर्मवर त्यानं ‘झोप लागत नाही’ असं लिहिलं होतं. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी बरीच तरुण मुलं झोप, पित्त नाहीतर ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ एवढंच सांगत येतात. खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतं, तेही उठता उठता. समीर चपला घालताना म्हणाला, “मॅडम, ते... मोबाइलवरचं. ते सुटतं का?” मोबाइलवर पॉर्न पाहण्याची सवय, हे त्याचं खरं दुखणं.

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी त्याला विचारलं आहे.)

वय २७, मूळचा मिरजेकडचा, नोकरी हिंजवडीत, तिघांत एक फ्लॅट. २०१६ मध्ये डेटा एकदम स्वस्त झाला तेव्हा हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. तेव्हा अर्धा तास चालायचं, ते आता रात्रीचे दोन-तीन वाजेपर्यंत. सकाळच्या मीटिंगला कॅमेरा बंद, मित्रांची लग्नं चुकवलेली, एक नोकरी जाता जाता वाचलेली. गणपतीसमोर शपथ घेऊन झाली होती, आईचीही. आईची शपथ मोडली त्या रात्री तो गच्चीवर बसून रडला होता.

त्याची पहिली भीती मात्र वेगळीच होती. “शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब बनतो म्हणतात. माझं शरीर संपलं असेल ना? लग्न जमेल का?” रेल्वेलाइनलगतच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलेली ही भीती. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असल्या समजुतींवर सडेतोड लिहीत होते, आणि आपण अजून तिथंच आहोत. हस्तमैथुनानं रक्त आटत नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं. तो शब्द मी सहज उच्चारला, तशी त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

दुसरं सांगितलं ते जरा नाजूक होतं. पॉर्न पाहिलं म्हणजे माणूस आजारी, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘अनिवार लैंगिक वर्तन’ हा विकार आहे, पण त्याची अट अशी की ताबा सुटलेला असावा, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ तसं चाललेलं असावं आणि त्याचा तीव्र त्रास होत असावा किंवा रोजचं जगणं त्यानं बिघडलेलं असावं. ‘मी पाप करतो’ ही टोचणी तेवढी एकटी पुरत नाही. समीरच्या बाबतीत टोचणी होतीच, पण जगणंही खरंच बिघडलं होतं.

मग मी तक्ता दिला. किती वाजता इच्छा झाली, त्याआधी काय घडलं, मग काय केलं. माझा आवडता तक्ता. समीर दर शनिवारी तो सुवाच्य अक्षरात भरून आणायचा. चौथ्या आठवड्याला सलग एकवीस दिवस कोरे. मी खूश.

माझ्याकडे पूर्वी येऊन गेलेला एक माणूस आहे. वय ४१, स्पेअर पार्ट्सचं दुकान, दोन मुलं. याच सवयीतून तो बाहेर पडला आणि आता आणखी दोघांबरोबर रविवारी सकाळी टेकडीवर फिरायला जातो. त्याला विचारून, समीरला विचारून, मी दोघांची गाठ घालून दिली. समीरनं त्याला एकवीस दिवस सांगितले. तो एवढंच म्हणाला, “एकवीस? मधे तीन रविवार आले. रूमवर एकटा असशील. मला तर पहिले तीन पण गेले नव्हते.” समीर गप्प. मग म्हणाला, “दादा, तक्ता खोटा आहे.”

पंचवीस वर्षं हे काम करून मला जे दिसलं नाही, ते दुकानदाराला दहा मिनिटांत दिसलं. राग आला म्हणा थोडा. पण कारण उघड होतं. आईच्या वयाच्या बाईसमोर तो शहाणा विद्यार्थी होऊन बसत होता. माझ्यापुढे त्याला पास व्हायचं होतं. दादा स्वतःच नापास होऊन आलेला, त्याच्यापुढे कसली परीक्षा?

टेकडीवरच्या या मंडळींचे नियम थोडे आहेत. काय पाहिलं ते सांगायचं नाही, त्यानंच चाळवायला होतं. उपदेश करायचा नाही. आणि फोन करायचा तो आधी. नंतर केलेला फोन म्हणजे कबुलीजबाब, आधीचा फोन म्हणजे मदत.

यात नवीन काही नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा दारू सोडलेला माणूस धंद्यातला सौदा फिसकटून हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बार. त्यानं बारमध्ये जायच्या ऐवजी फोन उचलला आणि दुसरा कुणी दारुडा गाठून द्या, म्हणून विचारत सुटला. त्यातून भेटले डॉ. बॉब, आणि पुढं ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हे दारू सोडू पाहणाऱ्यांचं संघटन उभं राहिलं. त्यानं आधी फोन केला होता.

समीरचा पहिला फोन रात्री ११.४० ला. दादा दुकानाचा हिशोब करत होता. चार मिनिटं बोलले, तेही क्रिकेटवर. त्या रात्री फोन स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला आणि समीर अंथरुणावर, असं ठरलं. ते टिकलं. झोपायला मात्र दोन वाजलेच.

दिवाळीनंतर गावाहून परतला त्या रात्री घसरला. पूर्वी अशा वेळी ‘आता गेलंच’ म्हणून चार-चार दिवस वाहून जायचा. अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञानं हेच दाखवून दिलं होतं: एका घसरणीपेक्षा ‘माझ्याच्यानं होणारच नाही’ हा निष्कर्ष जास्त घात करतो. म्हणून मी दिवस मोजणं बंद करायला लावलं. या खेपेला त्यानं सकाळी सातला दादाला फोन केला. नंतरचा फोन होता, पण चार दिवस गेले नाहीत, एकच रात्र गेली.

सगळ्यांचंच एवढ्यावर भागत नाही. मन सतत खचलेलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मित्रावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आता वर्ष होत आलं. अधूनमधून घसरतो, पण सकाळच्या मीटिंगला कॅमेरा चालू असतो. सध्या मिरजेत मुली पाहणं सुरू आहे आणि नवा प्रश्न आलाय: तिला सांगायचं का? माझं मत, चहा-पोह्यांच्या दिवशी नको, पण साखरपुड्याआधी सांग. दादाचं मत उलटं. त्यानं बायकोला लग्नानंतर आठ वर्षांनी सांगितलं, आणि तो म्हणतो, स्वतः वर्षभर नीट राहून मगच तोंड उघडावं. गेल्या रविवारी टेकडीवर यावर समीरचं आणि दादाचं वाजलं म्हणे. समीर शनिवारी येऊन मला सगळं सांगणार आहे.