तीन शिट्ट्या

"पुन्हा सुरू करावंसं वाटतंय मॅडम, पण आता काही जमायचं नाही."

हे वाक्य माझ्या खोलीत इतक्या वेळा बोललं गेलंय की माणसं बदलतात, वाक्य तेच राहतं. कुणाचा तबला असतो, कुणाचं बुद्धिबळ, कुणाचे ट्रेक. एका आजींचं क्रोशाचं विणकाम होतं. बावीस वर्षांत या काळजीला मी निरनिराळ्या प्रकारे उत्तरं देऊन पाहिली. निखिल यांच्याबरोबर काम करताना (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) जे हाती लागलं, ते मी त्यानंतर अनेकांना सांगितलं आहे आणि त्याचा उपयोग झालेला पाहिला आहे.

निखिल ३८ वर्षांचे, पुण्यात आयटी कंपनीत. स्वतःहून आले नव्हते, बायकोने पाठवलं होतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल चालू, सकाळी डोळे लाल, विचारलं की "काही नाही, बघतोय". तिला वेगळीच शंका आली होती. प्रत्यक्षात ते कार्डांच्या खेळाचे व्हिडिओ बघत होते.

मॅजिक: द गॅदरिंग हे त्या खेळाचं नाव. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो अमेरिकेत बाजारात आला. आपल्या रमीसारखी किंवा मेंढीकोटासारखी ठरलेली पानं यात नसतात. हजारो निरनिराळी कार्डं आजवर निघाली आहेत आणि दरवर्षी नवे संच येतात. त्यातली आवडीची निवडून प्रत्येकाने आपला डेक बांधायचा, किमान ६० कार्डांचा. दोघांचे २०-२० गुण, ज्याचे शून्यावर येतील तो हरला. हल्ली मुलांच्या दप्तरात पोकेमॉनची कार्डं असतात, तीही याच घराण्यातली. निखिल यांच्या आईंना मात्र हे काही पटलेलं नव्हतं. "पत्ते म्हणजे पत्ते. पोरगी नऊ वर्षांची झाली आणि हा पत्ते घेऊन बसतो," असं त्या म्हणाल्याचं निखिलनीच मला सांगितलं, मान खाली घालून.

२००८मध्ये एमएससाठी टेक्सासला गेल्यावर ते हा खेळ शिकले. पुढे दर शुक्रवारी रात्री कार्डांच्या दुकानात सामने, मग शनिवार-रविवारच्या स्पर्धा. २०१२ला भारतात परतले. नोकरी, लग्न, मुलगी. कार्डांचा खोका माळ्यावर गेला. बारा वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला आणि त्या रात्रीपासून मोबाईल सुरू झाला.

"या तीन महिन्यांत किती वेळा खेळलात?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"खेळलो नाही अजून."

"एकदाही नाही?"

"आधी सगळं समजून घ्यायलाच हवं ना. किती संच येऊन गेले मधे. माझा तेव्हाचा डेक आता स्पर्धेत चालत नाही. नवीन बांधायचा तर नीटच बांधला पाहिजे. आणि रोज तासभर तरी सराव झालाच पाहिजे, नाहीतर हरायलाच जायचं का?"

त्यांनी सांगितलं ते खरं होतं. स्टँडर्ड नावाच्या स्पर्धाप्रकारात फक्त अलीकडचे संच चालतात, जुने ठरावीक काळाने बाद होतात. माझं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर पोसलेली समुपदेशक आहे. माणसाला त्याच्या इच्छेचा जाच होत नाही, इच्छेला चिकटलेल्या आग्रहाचा होतो, हे त्यांच्याकडून शिकले. तो आग्रह ओळखायची फार सुंदर सोय मराठीत आहे, ती म्हणजे 'च'. मी निखिल यांचीच वाक्यं कागदावर लिहिली, प्रत्येक 'च'ला गोल केला आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला. ते हसले. म्हणाले, "कळलं."

कळलं होतं खरंच. हुशार माणसांना कळायला वेळ लागत नाही. पण पुढच्या दोन भेटींत रात्रीचे दोन वाजणं थांबलं नाही, तेव्हा नुसतं डोक्याला कळून भागणार नव्हतं, हे माझ्याही लक्षात आलं.

मधल्या एका भेटीला बायको आली. तिचं म्हणणं दोन वाक्यांत होतं. "मला खेळाचा राग नाही. वीस हजारांची कार्डं आणल्याचं क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवरून कळलं, त्याचा राग आहे." ती बंद पाकिटं होती. या खेळात कार्डं दोन तऱ्हेने मिळतात. हवं ते सुटं कार्ड ओळखून विकत घ्यायचं, नाहीतर बूस्टर नावाचं बंद पाकीट घेऊन आत काय निघतंय ते बघायचं. निखिल यांनी पाकिटांचा अख्खा खोका मागवला होता आणि एका रात्रीत सगळी फोडली होती. खेळले तेव्हाही नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत पालक आणि जोडीदारही असतील. पाकीट फोडण्याची ओढ आणि खेळण्याची ओढ वेगवेगळ्या आहेत. पहिली लॉटरीच्या तिकिटाची बहीण आहे. घरी न सांगता खर्च होत असेल, कर्ज काढलं जात असेल, "या पाकिटात नक्की निघेल" अशी भाषा सुरू झाली असेल, तर तिथे 'जुना छंद' म्हणून कौतुक करू नका, सरळ मदत घ्या. निखिल त्या वळणाच्या बरेच अलीकडे होते. तरीही मी त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली की पाच वेळा प्रत्यक्ष खेळून होईपर्यंत एकही पाकीट घ्यायचं नाही.

"पण खेळायला माझ्याकडे काही..."

"तो खोका घेऊन या पुढच्या वेळी," मी म्हटलं.

बुटांचा खोका होता. आत कार्डांच्या चळती होत्या. चळतींना लावलेले रबरबँड उन्हाळ्यांनी वितळून कडेच्या कार्डांना चिकटले होते. नखाने खरवडले की त्यांचे तुकडे पडत. माळ्यावरचा तो धुळीचा, किंचित डांबरगोळ्यांचा वास माझ्या खोलीत पसरला. निखिल यांनी आधी महागडी कार्डं काढली. हे आता एवढ्याला जातं, हे विकलं असतं तर. त्यांचा आवाज शेअर बाजाराबद्दल बोलावं तसा होता. मी थोडा वेळ ऐकलं आणि म्हटलं, "मला शिकवा. अगदी पहिल्यापासून."

ते जरा बिचकले. मग खुर्ची पुढे ओढली. जमिनीची कार्डं पाच प्रकारची (जंगल त्यातलंच एक), त्यांच्यातून शक्ती मिळते, शक्ती खर्च करून बाकीची कार्डं खेळायची. लानोवार एल्व्ह्ज नावाचं एक हिरवं कार्ड त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. एका जंगलाच्या मोलाचं, अंगात ताकद जेमतेम एकाची, पण पुढच्या पाळीपासून तेही आपल्याला शक्ती देतं. "साधं कार्ड आहे, काही किंमत नाही याला. पण पहिल्या पाळीत हे हातात असलं की इतकं बरं वाटतं..." आवाज बदललेला होता.

मला हिरवा डेक द्यायचा म्हणून ते जंगलाची कार्डं मोजत होते. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर हात थांबला.

त्या कार्डावर, झाडांच्या चित्रावर, निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं: 'कुकर लावलाय. ३ शिट्ट्या. बंद कर.'

अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं. हे मला शिकायला वर्षं लागली आणि त्या दिवशी ते शिकणं सत्कारणी लागलं. निखिल यांनी कार्ड उजेडाकडे धरलं, अंगठ्याने अक्षरांवरून फिरवलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"रूममेटने लिहिलंय. कागद सापडला नसेल त्याला."

मग ते वीसेक मिनिटं बोलत होते, मी एकही प्रश्न विचारला नाही. चौघं मुलं एका अपार्टमेंटमध्ये. स्वयंपाकघरात कुणीतरी टाकून दिलेलं टेबल, एका पायाखाली घडी केलेला पुठ्ठा. वरण-भात झाला की ताटं सिंकमध्ये आणि कार्डं टेबलावर. ज्याच्याकडे जे असेल त्याने खेळायचं. एकाला गॉब्लिन, म्हणजे छोटे खोडकर राक्षस, आवडायचे म्हणून त्याने नुसत्या गॉब्लिनचा डेक बांधला होता. तो सतत हरायचा आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. नियमही धड माहीत नव्हते. कार्डावरच्या प्राण्याला झालेली जखम पुढच्या पाळीतही राहते, असं समजून ते वर्षभर खेळत होते. पाळी संपली की जखम भरून निघते, असा खरा नियम आहे. "दुकानात गेलो तेव्हा लोक हसले आम्हाला," निखिल म्हणाले, आणि पुन्हा हसले.

"दुकान कधी आलं मग?"

"वर्षभराने."

"आणि आता परत यायचं म्हणताय, ते कुठे? दुकानात की त्या टेबलावर?"

त्यांनी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "टेबलावर यायला तर मला काहीच लागत नाही, मॅडम."

हा प्रश्न मला त्या क्षणी सुचला. त्यानंतर मी तो अनेकांना विचारला आहे, आणि तो माझ्या कामातल्या मोजक्या चांगल्या प्रश्नांपैकी एक आहे, असं मला वाटतं. आपण छंद सोडतो तेव्हा बहुधा त्याच्या शेवटच्या, सर्वांत अवघड पायरीवर असतो. विशारदच्या परीक्षेच्या तयारीत तबला सुटतो, स्पर्धांच्या धकाधकीत बुद्धिबळ सुटतं. वर्षांनंतर परतायचं मनात येतं तेव्हा तीच पायरी डोळ्यांसमोर असते, कारण शेवटची आठवण तिची. मग माणूस तिच्याकडे बघून "आता जमायचं नाही" म्हणतो. ते खरंच असतं. त्या पायरीवर उडी मारून कुणालाच पोहोचता येत नाही. पण ज्याची ओढ लागलेली असते ती गोष्ट बहुतेक वेळा खूप खाली, पहिल्या-दुसऱ्या पायरीवर ठेवलेली असते. तिथे गुण नसतात, क्रमांक नसतात.

घरगुती खेळणाऱ्यांना या खेळाच्या जगात 'किचन टेबल' खेळाडूच म्हणतात, हे निखिल यांनीच मला सांगितलं. आणखी एक सांगितलं. या खेळाचे मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी २००२ साली खेळाडूंच्या तीन वृत्ती मांडल्या होत्या. टिमीला धमाल आणि भव्य काहीतरी अनुभवायचं असतं, जॉनीला स्वतःची कल्पकता दाखवायची असते, स्पाइकला स्वतःला सिद्ध करायचं असतं. पहिल्या भेटीत विचारलं असतं तर त्यांनी 'स्पाइक' म्हटलं असतं. आता म्हणाले, "टेबलावर मी जॉनी होतो. विचित्र डेक बांधायचो. दुकानाने मला स्पाइक केलं." दुकानाचा यात दोष नाही आणि स्पर्धेत उतरण्यात वाईट काही नाही. ज्याला तेच हवं आहे त्याने जरूर जावं. निखिल यांना ते नको होतं, इतकंच.

पुढचं काम सोपं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. पहिला खेळ त्यांनी मुलीशी खेळला, वितळलेले रबरबँड खरवडलेल्या कार्डांनी. तिने प्राण्यांना नावं ठेवली आणि आवडलेला प्राणी मरू द्यायला नकार दिला. निखिल यांनी तो नियम मान्य केला. मला त्यांचं हे मान्य करणं सगळ्यांत जास्त आवडलं. मग ऑफिसातले दोघं निघाले, त्यांच्याकडेही जुनी कार्डं होती. ते आता कमांडर नावाच्या पद्धतीने खेळतात. ती खेळाडूंनीच रुजवली आणि २०११मध्ये कंपनीने तिच्यासाठी तयार डेक काढले. १०० कार्डं, जमिनीची साधी कार्डं सोडली तर प्रत्येक कार्ड एकदाच, ४० गुण, आणि सहसा चौघांनी एकत्र बसायचं. स्टँडर्डमधून बाद झालेली बहुतेक कार्डं इथे चालतात. बारा वर्षांचा खोका पुरेसा ठरला.

पाच वेळा खेळून झाल्यावर त्यांनी बायकोला सांगून सुटी सात कार्डं घेतली. पाकीट घेतलं नाही. व्हिडिओ अजून बघतात, पण जेवणानंतर अर्धा तास, आणि बरेचदा मुलगी शेजारी असते. आईंना अजून पटलेलं नाही. चौघं जमले की त्या चहा मात्र करतात.

तुमच्याही माळ्यावर असा खोका असेल तर तो काढा, आणि किंमती बघण्याआधी, काय बदललंय ते शोधण्याआधी, एकदा हाताळा. शक्यतो ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही अशा माणसासमोर. शिकवताना आपला आवाज कुठे बदलतो तिकडे लक्ष द्या. महिन्याचा खर्च किती, हे घरच्यांसमोर मोठ्याने बोलून ठरवा. आणि पहिले काही महिने कुणी "अजून हेच जुनं खेळतोस?" म्हटलं, तर "हो" म्हणा. त्यापुढे खुलासा द्यायची गरज नाही.

शेवटच्या भेटीत मी निखिल यांना त्या लिहिलेल्या कार्डाचं काय केलं ते विचारलं. मला वाटलं होतं फ्रेम केलं असेल. त्यांनी ते प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून डेकमध्येच ठेवलंय, बाकीच्या जंगलांबरोबर. दुकानात खेळायचे तेव्हा हातात काय आलंय ते चेहऱ्यावर दिसू न देण्यात ते पटाईत होते. आता ते कार्ड आलं की लगेच दिसतं, आणि टेबलावरचं कुणीतरी विचारतं, "किती झाल्या?"