गुपचूप काम आणि त्याची ट्रॉफी

अरे,

तुझा तो लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. लाइट गेली होती, गच्चीवर गादी टाकून पडले होते, म्हणून नीट दोनदा वाचता आला. कॉलनीतली पंधरा-वीस पोट्टी गोळा करायची, सुट्टीभर प्रत्येकाने रोज कोणासाठी तरी एक चांगलं काम गुपचूप करायचं, कोणी केलं ते त्या माणसाला कळू द्यायचं नाही. इथपर्यंत वाचून मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. आणि मग पुढे बघते तर काय, रोज संध्याकाळी एक्सेल शीटमध्ये नोंद, ग्रुपवर फोटो आणि शाळा उघडायच्या आधी कार्यक्रम करून पहिल्या तिघांना ट्रॉफी, ती पण नगरसेवकाच्या हातून! गुपचूप काम आणि त्याची ट्रॉफी. एकटीच हसत बसले अंधारात.

रागावू नकोस हं. हसले कारण मी अगदी हेच केलं होतं, तुझ्याएवढी असताना. तेव्हा एक्सेल नव्हतं म्हणून कार्डशीटचा तक्ता होता, त्यावर पोरांची नावं आणि नावापुढे कपाळाला लावायच्या टिकल्या, एक काम केलं की एक टिकली. आठवड्यात तक्ता भरून गेला आणि मी खूश, अमरावतीत आपल्या मोहल्ल्यात काय क्रांती चालू आहे म्हणून! मग एक दिवस कोपऱ्यावरच्या आजोबांचा चष्मा हरवला. सगळं घर उलटंपालटं केलं त्यांनी, आणि एका नऊ वर्षांच्या पोराने तो तुळशीवृंदावनामागून काढून दिला. टिकली. चार दिवसांनी त्याच आजोबांची चप्पल हरवली, ती पण यालाच सापडली. टिकली. तिसऱ्या वेळेला काठी गेली तेव्हा माझी ट्यूब पेटली. वस्तू लपवणारा तोच आणि शोधून देणारा पण तोच. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, रडला बिचारा, आणि परत कधी आलाच नाही माझ्याकडे. आता वाटतं त्याचं काय चुकलं होतं, मी टिकल्या वाटत होते, तो टिकल्या कमवत होता, सोप्पं गणित होतं.

नंतर कधीतरी एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं की यावर रीतसर प्रयोग झालेला आहे, 1973 साली छापून आलेला, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं अशीच मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर छान रिबन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी परत स्केचपेन ठेवून बघितलं तर ज्यांना आधी लालूच दाखवली होती ती पोरं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते ठरवून देतो म्हटल्याने. मला तर ऐकताना तो चष्मेवाला पोरगाच दिसत होता डोळ्यांसमोर. म्हणून शीट डिलीट कर, ट्रॉफीचे पैसे कुठे घालायचे ते शेवटी सांगते.

आता तू म्हणशील, नोंद नाही, फोटो नाही, मग पोरं टिकणार कशी. टिकतात रे. गुपचूपपणातच मोठी गंमत असते, त्यांना दुसरं काही लागत नाही. तुला एक सांगू, गुपचूप करायचं म्हटलं ना की पोराला आधी त्या माणसाकडे बघावं लागतं. उघडपणे मदत करायला काय, जाऊन विचारलं की काकू पिशवी धरू का, झालं. पण न कळता करायची तर काकू कधी बाहेर जातात, कधी झोपतात, काय करताना दमतात, कुठल्या कामाला कंटाळतात हे सगळं चार दिवस बघत राहावं लागतं. हेरगिरीच ती. आमच्यातल्या एका मुलीने शोधून काढलं होतं की खालच्या मजल्यावरच्या काकू कुरडया घालतात तेव्हा दर पाच मिनिटांनी गच्चीचा जिना चढतात कावळे हाकलायला, आणि त्यांचे गुडघे गेलेले. मग ही आणि तिचा भाऊ सकाळी सहापासून पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसायचे, कावळा आला की काठीला बांधलेलं काळं फडकं हलवायचे. काकू आपल्या म्हणत होत्या, यंदा कावळे कमी झाले बाई. महिनाभर त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ना, त्याला कुठल्या ट्रॉफीने तोड नाही. मला हे कळलं तेसुद्धा चार वर्षांनी, तिच्या आईकडून.

फजितीही होणार, ती होऊ दे. तिघांनी एकमेकांना न सांगता एकाच आजीच्या तुळशीला रोज पाणी घातलं आणि आजी स्वतः घालत होतीच, म्हणजे दिवसातून चार वेळा. कुजून गेली तुळस. मग चंदा काढून नवीन रोप आणून रात्री कुंडीत लावून आले, आजीला वाटलं चमत्कार झाला.

पण एका गोष्टीत मी गंमत करणार नाही, ती कूलरची.

आपल्याकडच्या पोट्ट्यांना हे काम सगळ्यात आधी सुचतं, तुला पण सुचलं असेल. खिडकीला बाहेरून लावलेला लोखंडी कूलर, टाकीतलं पाणी संपलं की मोटरचा आवाज बदलतो, वारा गरम येतो, आणि आत एकटी म्हातारी बाई झोपलेली. बाहेरून पाइप लावून टाकी भरून टाकली की तिला कळणार पण नाही, किती मस्त! आमच्या दोन पोरांनी हेच केलं, कूलर चालू असताना, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून. एकाचा हात पत्र्याला लागला आणि तो मागे फेकला गेला. नशीब म्हणून फेकला गेला, चिकटला असता तर? दरवर्षी उन्हाळ्यात पेपरमध्ये कूलरचा शॉक लागून गेल्याची बातमी असते, तुला माहीतच आहे. मला हे समजलं संध्याकाळी, आणि ती रात्र मी झोपले नाही, कारण त्या पोरांना गुपचूप करा, कोणाला सांगू नका, असं मीच शिकवलं होतं आणि म्हणूनच शॉक लागल्यावर त्यांनी दोन तास कोणालाच सांगितलं नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की ज्याच्यासाठी काम करायचं त्याला कळायचं नाही, पण प्रत्येक पोराच्या घरी एका तरी मोठ्या माणसाला माहीत पाहिजेच, आई, आजी, काका, कोणीही, आणि तो मोठा माणूस पोराने निवडायचा, तू नाही. पाणी, वीज, गॅस, उंच जागा, गाड्यांचा रस्ता, ही कामं यादीतच नाहीत. कूलर भरायचाय तर प्लग काढून, मोठ्या माणसाला घेऊन, उघडपणे. आणि हे पण पोरांना पहिल्याच दिवशी बसवून सांग की कोणी मोठा माणूस तुम्हाला म्हणाला की हे आपलं सीक्रेट, घरी सांगू नको, तर तेच सगळ्यात आधी घरी सांगायचं. आपल्या खेळातलं गुपित वेगळं आणि ते वेगळं. हा फरक नीट समजावल्याशिवाय सुरूच करू नकोस. पोरं समजतात, आपणच बोलायला लाजतो.

दुसरी चूक जरा नाजूक आहे. आमच्यातल्या मोठ्या मुलांनी एकदा एका बाईंच्या दारात रात्री तांदूळ-डाळीची पिशवी ठेवली, त्यांच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळी त्या बाई पिशवी घेऊन गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या, म्हणाल्या, मी कोणाकडे मागायला आले होते का? त्यांचा आवाज अजून कानात आहे माझ्या. पोरांचा हेतू वाईट नव्हता, पण गल्लीने आपल्या घरात डोकावून बघितलं असं वाटलं त्यांना, आणि देणारा दिसत नव्हता म्हणून भांडायला पण कोणी नव्हतं. म्हणून वस्तू आणि पैसा नको. मेहनत चालते. जिना झाडून ठेवला, घंटागाडी यायच्या आधी कोणाची बादली खाली नेऊन ठेवली, उडालेला कपडा परत दोरीवर घातला, यात कोणी लहान होत नाही.

आणि वेळेचं बघ. दुपारी दोन वाजता सगळी मोठी माणसं घोरत असतात, म्हणजे गुपचूप कामाला सोन्यासारखी वेळ, पण आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत त्या वेळी पोरं बाहेर सोडायची नाहीत म्हणजे नाहीत. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा का उघडतात ते उगीच नाही. बाहेरचं काय ते सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपार घरातल्यांसाठी ठेव. आई झोपली असताना वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करून ठेवायच्या, फ्रिजमधल्या बाटल्या भरायच्या, बाबांच्या बुटाला पॉलिश करायचं. शेजारच्या आजीसाठी धावणारी पोरं घरात स्वतःचं ताट उचलत नाहीत हे मी पुष्कळ बघितलंय, आणि घरात न कळता काही करणं सगळ्यात अवघड, आईला लगेच वास लागतो.

लहानपणी आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात आई बुंदीच्या लाडवात रुपया घालून द्यायची, गुप्तदान म्हणून. कसलं गुप्त, घेणारा आधीच दातांनी जपून खायचा. तरी ती चाल मला आवडते, निदान लपवायचं नाटक तरी होतं. आता अर्धा डझन केळी वाटली तरी त्या केळ्यामागे पाच जण हात लावून फोटोत. आणि हे त्या जिल्ह्यात, जिथे गाडगेबाबा जन्मले. बाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायला लागायचे, बऱ्याच लोकांना कळायचंच नाही की संध्याकाळी कीर्तन करणार तो हाच माणूस. पाया पडायला कोणी आलं तर पडू द्यायचे नाहीत. 1956 साली वलगावजवळ वारले. एवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःजवळ काय, एक खापर आणि खराटा.

तर आता ट्रॉफीचे पैसे. त्यात दोन रांजण येतील. कॉलनीच्या तोंडाशी जो कडुनिंब आहे, ऑटोवाले थांबतात तिथे, पाणपोई लाव. रांजण आदल्या रात्री पूर्ण पाण्यात भिजवून ठेवायचा, खाली ओली वाळू, वरून ओलं पोतं, दोन-तीन दिवसांनी आतून घासून धुवायचा, साबण नको. पोरांना पाळ्या लावून दे, सकाळी साडेसहाला भरून, झाकून मोकळं व्हायचं. पोरं म्हणतील रंगवू या, वारली काढू या. नाही म्हण. आमच्या जुन्या चौकात एका पाणपोईवर देणाऱ्याने वडलांचं नाव ऑइलपेंटने घातलं होतं, चांगलं वीतभर अक्षर, तेही चारही बाजूंनी आणि मागे पांढरा पट्टा. पाणी काही केल्या गार होईना. रांजण पाझरतो म्हणून पाणी गार होतं, बाहेर आलेला ओलावा उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातो. नाव घातलं तिथली सगळी भोकं बुजलेली. नावाखालचा भाग हाताला कोरडा ठणठणीत लागायचा आणि अक्षरं संपली की खाली ओल.

कुंभाराकडे सकाळी जा, वाजवून घे, खणखणीत वाजला पाहिजे, भदभद वाजला तर चीर आहे समज. पाणी काढायचं ओगराळं विकत घेऊ नकोस, माझ्याकडे माळ्यावर एक पितळेचं पडलंय, येऊन घेऊन जा, पण साखळी लाव त्याला. मागचं तिसऱ्या दिवशीच गेलं होतं.

तुझ्या बाई