पीस रेटवर, म्हणजे जितका माल तितकी मजुरी यावर, आयुष्य काढलेला माणूस पगारावर आला तरी घाई का सोडत नाही?

तुमचे वडील यंत्रमागावर राबले, आता गोदामात पगारी आहेत, तरी डबा पाच मिनिटांत संपवून उठतात. हा स्वभाव की सवय, आणि ती मोडता येईल का, असं तुम्ही विचारलंय. स्वभाव नाही. ‘मूळचाच स्वभाव’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारणीभूत आमचे मामा.

माझी आई सोलापुरात, पूर्व भागात विड्या वळायची. मजुरी दर हजार विड्यांमागे. मांडीवर सूप, त्यात तंबाखू. भिजवलेलं पान पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायचं, भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. शेजारणीशी भांडतानाही हात थांबायचे नाहीत. लाइट गेली की उंबऱ्यात सरकायची. सकाळी कारखान्यात माल घेऊन गेलं की तपासणारा छाट काढणार, आणि छाटीचे पैसे नाहीत. म्हणजे पटापटही हवं आणि नीटही.

पुढे खोकल्यापायी विड्या सुटल्या आणि आई शाळेत खिचडी शिजवायला लागली. मानधन महिन्याचं. मुलांची सुट्टी ठरल्या वेळीच होणार. खिचडी तासभर आधी उतरवली म्हणून कुणी जास्त देत नाही. तरी शाळा भरते न भरते तोच हिचे तांदूळ निवडून, कांदे चिरून तयार. मग मैदानातले कागद वेचत फिरायची. जोडीला होत्या शेजारच्या अक्का. त्या आधी एका ऑफिसात झाडलोट करायच्या. तिथे एक मजला लवकर आटपला की दुसरा गळ्यात पडायचा. अक्का एकेका मिरचीचं देठ निवांत खुडत बसायच्या. खिचडी मात्र कुणाच्याही हातची असो, वेळेवर व्हायची.

मामांचा निकाल ठरलेला: “ताई कामाची हावरी, आणि ती अक्का जन्माची आळशी.” दिवाळीला तेच, कुणाच्या तेराव्यालाही तेच. मामांना स्वतःला एक तारखेला पगार. छाट काढणाऱ्यासमोर ते कधी उभे राहिले नाहीत.

अमेरिकेत हॅरॉल्ड वायनर या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच माणसांवर तपासलं. निबंध १९६४चा आहे. बटण दाबून गुण मिळवायचे. काहींना आधी ठरावीक वेळा दाबलं की गुण, म्हणजे जितकं भराभर तितकं जास्त. काहींना मध्ये थांबून, सावकाश दाबलं तरच गुण. नंतर सगळ्यांना एकच नियम लावला: ठरावीक वेळ गेल्यावर पहिल्यांदा दाबाल तेव्हा गुण. आता त्यासाठी एकदा दाबलं तरी पुरे. तरी पहिले लोक बडवतच राहिले आणि दुसरे सावकाशच दाबत राहिले. नियम एक, मोबदला एक, फरक फक्त आधी काय घडलं त्याचा. आई आणि अक्का एकाच चुलीपाशी अशा का वागायच्या, हे मला यातून उमगलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, “तुमची पुस्तकं तुमच्यापाशी.”

आता तुमच्या वडिलांचं. जुनी घाई टिकते कारण नव्या जागी ती महाग पडत नाही. पगार तोच येतो, मग हात का मंदावेल? वायनर यांनीच १९६२ साली दाखवलं होतं की दर वेळी दाबण्याला गुण कापले की वेग उतरतो. पण याचा अर्थ वडिलांना टोकत बसा असा मुळीच नाही. टोकणं आम्ही आईवर करून पाहिलं, ती फक्त आमच्यापासून लपून कामं करायला लागली. सावकाशीतच काहीतरी हाती लागलं तर गोष्ट वेगळी. आई नातवाला भरवायला बसली की तो मुद्दाम घास तोंडात घोळवतो, आणि तिथे मात्र ती हूं की चूं करत नाही. चुलीपाशी आजही तीच घाई.

आणि हो, बटणाचा प्रयोग म्हणजे अख्खं आयुष्य नव्हे. माणूस ऐकीव नियमांवरही चालतो, भीतीपोटीही चालतो. तुमच्या वडिलांची ही घाई अलीकडेच वाढली असेल, हात थरथरत असतील किंवा झोप उडाली असेल तर आधी थायरॉइड तपासून घ्या. आणि घरात कुणी त्यांना हावरट म्हणत असेल, तर त्याला महिनाभर मागावर उभं करा. आमच्या मामांना मी हे तोंडावर सांगितलंय, तेव्हापासून ते आमच्याकडे जेवायला थांबत नाहीत.