वाचकांचे प्रश्न : दोन कवी शेजारी ठेवले की तौलनिक अभ्यास होतो का?

प्रश्न : मी नागपूरला एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तौलनिक साहित्याभ्यासाच्या पेपरासाठी फ्रेंच संप्रदाय, अमेरिकन संप्रदाय, व्याख्या, सनावळ्या असं सगळं पाठ करतो. प्रकल्पाच्या वेळी मात्र ‘दोन कवी घ्या, साम्य-भेदांचा तक्ता करा’ एवढंच सांगतात. मग त्या इतिहासाचा नि सिद्धांतांचा उपयोग काय? सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : तक्ता आधी बाजूला ठेवा. साम्य-भेद कुठल्याही दोन कवींत सापडतात. त्यातून हाती काही लागत नाही. हे दोघेच का निवडले, हा खरा प्रश्न. या विद्याशाखेचा इतिहास म्हणजे त्याच प्रश्नावरून झालेली भांडणं आहेत. भांडण म्हणून वाचलात तर पाठांतराची गरज उरणार नाही.

आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध, सख्खे भाऊ. घरात मराठी. थोरल्याने हिंदीत लिहिलं, धाकट्याने मराठीत. थोरले नागपुरात दहाएक वर्षं होते, ‘नया खून’ या हिंदी साप्ताहिकात लिहायचे, १९५८ मध्ये राजनांदगावला प्राध्यापक म्हणून गेले. धाकटे नागपुरातच मराठीचे प्राध्यापक. दोघेही मार्क्सवादी विचारांचे. वर्गात मी दोघांची एकेक कविता एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापून द्यायचे, कवींची नावं न देता. मुलं आधी भाषा बघायची, मग प्रतिमा, आणि तास संपेपर्यंत कुणी कुणावरून घेतलं यावर हमरीतुमरीवर यायची.

आता सिद्धांत लावून बघा. फ्रेंच अभ्यासक पॉल व्हान टीगेमने १९३१ मध्ये फ्रेंच पद्धतीची मांडणी केली. त्याला पुरावा हवा : कुणी कुणाचं काय वाचलं, कधी वाचलं, अनुवाद कुणी केला, मधला दुवा कोण. पण त्याची तुलना दोन राष्ट्रांच्या साहित्यांतली. एका देशातले, एका घरातले दोन कवी त्याच्या चौकटीत बसणारच नाहीत! अमेरिकन संप्रदायातल्या रेने वेलेकने १९५८ मध्ये चॅपल हिलच्या परिषदेत याच गोष्टींवर हल्ला चढवला. कोणत्या देशाने कुणाकडून काय उसनं घेतलं याचे हिशेब ठेवत बसू नका, साहित्यकृतीकडे बघा, असा त्याचा आग्रह. वेलेकचा राग मला पटतो. मात्र तेवढ्यावर थांबलात तर हे दोन भाऊ नागपूरऐवजी कुठेही राहिले असते तरी चाललं असतं, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

इथे भारतीय अभ्यासक कामी येतात. रवींद्रनाथांना १९०७ मध्ये कलकत्त्यात तौलनिक साहित्यावर बोलायला बोलावलं होतं. ते ‘विश्वसाहित्य’ या नावाने बोलले. १९५६ मध्ये बुद्धदेव बसूंनी जादवपूर विद्यापीठात देशातला पहिला विभाग सुरू केला. पुढे अमिय देव, शिशिरकुमार दास यांनी मुळालाच हात घातला : भारतातली साहित्यं एकमेकांपासून सुटी मोजता येतात का? मुक्तिबोधांच्या घरात हिंदी आणि मराठी यांच्यामध्ये रेघ कुठे मारणार? त्यातून नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, हिंदी-मराठी दोन्हींची. १९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली गेली आणि गावाचा तो दर्जा गेला. त्यानंतर इथल्या हिंदी आणि मराठी लेखकांचं एकमेकांचं वाचणं बदललं का, हा प्रकल्पाचा विषय होईल. विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’ आणि त्या काळची इथली हिंदी नियतकालिकं समोरासमोर ठेवून बसा. कष्टाचं काम आहे, पण ते तुमचं स्वतःचं असेल.

वाचनाचा क्रम म्हणाल तर आधी वेलेकचं ते भाषण वाचा, मग रवींद्रनाथ. त्यानंतर मागे जाऊन जर्मन कवी गटेचं विश्वसाहित्याविषयी १८२७ मध्ये एकरमानशी झालेलं संभाषण आणि पॉस्नेटचं तौलनिक साहित्यावरचं १८८६ चं पुस्तक. मराठीत वसंत बापटांचं लेखन आहेच. मुंबई विद्यापीठात ते तौलनिक साहित्याच्या टागोर अध्यासनावर होते. आणि गजानन माधव हिंदीतूनच वाचा. नागपुरात राहून मराठी अनुवादावर भागवू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. संस्कृत जेमतेम येतं. ‘मेघदूता’चे मराठी अनुवाद जमवले आहेत. ते ताडून बघणं हाही तौलनिक अभ्यासच ना?
— एक वाचक, रामटेक

उत्तर : नक्कीच. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके या चौघांनी तो अनुवाद केला आहे. विल्सनचा इंग्रजी अनुवाद १८१३ चा. गटेला हे काव्य फार आवडलं होतं. काव्यातला यक्ष जिथे राहतो तो रामगिरी म्हणजे तुमचं रामटेकच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, तेव्हा तुमचा या काव्यावर थोडा जास्तच हक्क आहे. सगळं काव्य एकदम घेऊ नका. पूर्वमेघातले पहिले पाच श्लोक घ्या. मूळचं मंदाक्रांता वृत्त कुणी राखलं, कुणी सोडलं आणि त्यामुळे यक्षाचा सूर कुठे बदलला, हे श्लोकागणिक लिहून ठेवा. संस्कृतासाठी अन्वयार्थ दिलेली प्रत शेजारी असू द्या. पाच श्लोकांचं टिपण झालं की आमच्याकडे पाठवा, मी वाचेन.