गिऱ्हाईक परराज्यातलं, मग टॅक्स कुणी घ्यायचा?

प्रिय भाच्या,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. व्हिसाची मुलाखत पार पडली, सूनबाईंनी ह्यूस्टनच्या बाहेर घर बघून ठेवलं, वाचून फार बरं वाटलं. कोल्हापुरात वडिलांच्या शस्त्रांच्या दुकानात तू दहा वर्षं काढली आहेस, रायफल हातात घेतल्यावर तुला काय कळतं ते मी पाहिलंय. त्यामुळे इथं टेक्सासात बंदुकांचं छोटं दुकान काढून बराचसा माल ऑनलाइन विकायचा तुझा बेत मला पटतो. पण पत्राच्या शेवटी तू सहज एक वाक्य लिहिलंस: 'मामा, माल सगळा परराज्यात पाठवला की सेल्स टॅक्सची कटकट नाही, आणि बंदूक तर डीलरलाच पाठवायची असते, म्हणजे ती घाऊकच झाली ना?' त्या वाक्यावर मी रात्री उशिरापर्यंत विचार करत बसलो. त्यातली पहिली गोष्ट अर्धीच खरी आहे आणि दुसरी साफ चूक. ह्या दुसऱ्या चुकीपायी चांगली माणसं अडचणीत येतात. म्हणून बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात उत्तर देतो आणि ह्याच प्रश्नावर लिहितो.

आधी थोडक्यातलं. एच-१बी किंवा पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला संघराज्याचा कायदा बंदूक बाळगायलाच मनाई करतो. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यावर धंदा उभा करू नये. तू ग्रीन कार्डवर येतोयस, तुझा प्रश्न नाही. मात्र कार्ड लागू होण्याआधी दुकानाच्या नावानं एक काडतूसही हाताळू नकोस. डीलरचं लायसन्स, ज्याला इथं सगळे 'एफएफएल' म्हणतात, ते एटीएफ, म्हणजे संघराज्याचं शस्त्रखातं, देतं. पहिल्या तीन वर्षांची फी २०० डॉलर, पुढच्या प्रत्येक तीन वर्षांना ९० डॉलर. प्रत्यक्ष येऊन मुलाखत घेतात, जागा बघतात. टेक्सासचा सेल्स टॅक्स परवाना राज्याच्या कंट्रोलरकडून, म्हणजे टॅक्स खात्याकडून, फुकट मिळतो. भारतातून पैसे आणायचे तर एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती तुला माहीतच आहे.

आता टॅक्स. जीएसटी डोक्यातून काढून टाक, कारण त्याच्या सवयीनंच गोंधळ होतो. आपल्याकडे प्रत्येक टप्प्यावर कर भरायचा आणि आधी भरलेल्याचं क्रेडिट घ्यायचं. इथं मधल्या टप्प्यांवर सेल्स टॅक्स नसतोच. ठोक व्यापाऱ्याकडून माल घेताना तू त्याला पुनर्विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं, टेक्सासात त्याच्या फॉर्मचा नंबर ०१-३३९. ते दिलं की तो तुझ्याकडून सेल्स टॅक्स घेत नाही. कर एकदाच, शेवटच्या गिऱ्हाइकाकडून, आणि तो गोळा करायची जबाबदारी तुझी. दुसरं म्हणजे इथं एमआरपी नाही. किमतीच्या चिठ्ठीवर ६०० डॉलर असेल तर टॅक्स त्याच्या वर. टेक्सास राज्याचे ६.२५ टक्के, शहर-परगण्याचे जास्तीत जास्त २, ह्यूस्टनला मिळून ८.२५. म्हणजे ४९ डॉलर ५० सेंट. गिऱ्हाईक फोनवर शेवटचा आकडा विचारतं, तो टॅक्ससकट सांगायची सवय लाव.

बंदुकीवर आणखी एक जुना कर आहे, १९३७ सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर १० टक्के, इतर बंदुका आणि काडतुसांवर ११. तो कारखानदार किंवा आयातदार भरतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे जातो. तुझ्या खरेदीच्या भावात तो आधीच धरलेला असतो, तुला वेगळा घ्यायचा नाही.

ऑनलाइन विक्रीकडे येतो. ओक्लाहोमातल्या माणसानं तुझ्या संकेतस्थळावर पिस्तूल पसंत केलं, कार्डानं पैसे भरले. ते पिस्तूल तू त्याच्या घरी पाठवू शकत नाहीस. त्याच्या गावातला लायसन्सवाला डीलर तो सांगतो, त्या डीलरच्या लायसन्सची प्रत तू मागवतोस, माल त्या डीलरकडे जातो. गिऱ्हाईक तिथं जाऊन ४४७३ नंबरचा फॉर्म भरतं, पार्श्वभूमीची तपासणी होते, मग माल हातात. तो डीलर ह्याची फी घेतो. ह्याला इथं 'ट्रान्सफर' म्हणतात.

बंदूक डीलरकडे गेली म्हणून तुला ती घाऊक वाटते. पण तू ती विकलीस कुणाला? पैसे कुणी दिले? पावती कुणाच्या नावाची? गिऱ्हाइकाच्या. म्हणजे ती किरकोळ विक्रीच. तो डीलर फक्त कायद्याचा उंबरठा आहे, खरेदीदार नव्हे. त्याच्या लायसन्सची प्रत तुला माल पाठवायचा अधिकार देते, टॅक्समधून सूट देत नाही. उलट बाजूनंही हेच. शेजारच्या गावातला डीलर आला आणि लायसन्स दाखवून म्हणाला, 'मी डीलर आहे, टॅक्स लावू नका', तरी पुनर्विक्रीचं सही केलेलं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय सोडायचं नाही. त्याला ती रायफल स्वतःच्या शिकारीसाठी हवी असेल, तर तोही गिऱ्हाईकच. लायसन्स एटीएफचं, प्रमाणपत्र टॅक्स खात्याचं. दोन्ही कागद वेगळ्या फायलीत ठेव.

आता परराज्याचं. टेक्सासबाहेर कुरिअरनं पाठवलेल्या मालावर टेक्सासचा टॅक्स लागत नाही, पण माल खरंच राज्याबाहेर गेला ह्याचा पुरावा तुझ्याकडे पाहिजे. इथं मी स्वतः पोळलोय. सुरुवातीच्या काळात मी पावत्या जपल्या, पण पाठवणीचे कागद काम झालं की फेकले. हिशेबतपासनीस आला तेव्हा काही विक्र्यांचा पुरावा मला देता आला नाही. माल गेला होता, डीलरनं पोचही दिली होती, पण कागद नाही म्हणजे नाही. त्या प्रत्येक विक्रीचा टॅक्स मी माझ्या खिशातून भरला. गिऱ्हाइकाकडे वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या तोंडानं मागणार? तेव्हापासून पावती, कुरिअरची चिठ्ठी आणि समोरच्या डीलरची पोच, तिन्ही एकाच पिनेत.

आणि ओक्लाहोमाचा माणूस गाडी घेऊन तुझ्या दुकानात आला तर? पिस्तूल त्याला परराज्याचा म्हणून देताच येत नाही. रायफल किंवा शॉटगन दोन्ही राज्यांचे कायदे पाळून काउंटरवर देता येते, पण मग माल टेक्सासात हातात पडला, टॅक्स टेक्सासचा, पूर्ण ८.२५. तो म्हणेल मी घरी जाऊन वापरणार. त्यानं फरक पडत नाही.

मग ओक्लाहोमाला पाठवलेल्या पिस्तुलावर ओक्लाहोमाचा टॅक्स कोण घेणार? १९९२ च्या क्विल खटल्यात कायम झालेला नियम असा होता की ज्या राज्यात तुझं दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, ते राज्य तुला टॅक्स गोळा करायला लावू शकत नाही. २१ जून २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तो मोडला. बाहेरच्या विक्रेत्यानं कधीपासून टॅक्स गोळा करायचा ह्याची साउथ डकोटानं तेव्हा रेषा आखली होती: वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार. त्यानंतर सेल्स टॅक्स असलेल्या राज्यांनी आपापल्या रेषा आखल्या. बऱ्याच ठिकाणी एक लाख डॉलर, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात पाच लाख. व्यवहारांच्या संख्येची अट काही राज्यांनी ठेवली, काहींनी काढली. साउथ डकोटानंच ती २०२३ मध्ये काढली. अलास्का, डेलावेअर, मॉन्टाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन ह्या पाच राज्यांत राज्यपातळीचा सेल्स टॅक्सच नाही, पण अलास्कात गावोगावचे कर आहेत.

तुझ्यासारख्या नव्या दुकानदारासाठी ह्याचा अर्थ असा. ६०० डॉलरची पिस्तुलं धरली तर एका राज्यात वर्षाला १६७ विकल्यावर एक लाखाची रेषा ओलांडते. पहिल्या वर्षात ते होणार नाही. तोवर त्या राज्याचा टॅक्स तू गोळा करायचा नाहीस, गिऱ्हाइकानं स्वतः 'यूज टॅक्स' म्हणून आपल्या राज्याला भरायचा असतो. त्याला 'टॅक्स फ्री' म्हणून जाहिरात करू नकोस, ते खरं नाही. तू घेत नाहीस एवढंच. आणि नोंदणी न करता एखाद्या राज्याच्या नावानं टॅक्स कधीच घेऊ नकोस. तो पैसा त्या राज्याचा, आणि तू तो भरणार कुठल्या खात्यात? राज्यवार विक्रीचा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेव. परराज्यात गोदाम घेतलंस किंवा माणूस नेमलास तर रेषेची वाट न बघता जबाबदारी येते, हेही ध्यानात असू दे.

लिलावाच्या किंवा बाजाराच्या मोठ्या संकेतस्थळावरून विकलंस, तर बहुतेक राज्यांत टॅक्स ते संकेतस्थळ गोळा करतं. टेक्सासात हा नियम १ ऑक्टोबर २०१९ पासून आहे. पण ज्या संकेतस्थळावर फक्त जाहिरात लागते आणि पैसे परस्पर तुझ्याकडे येतात, तिथं हे गृहीत धरू नकोस. टॅक्स आम्ही घेतो असं त्यांच्याकडून लेखी घे. आणि एक लाखाची रेषा मोजताना काही राज्यं ती विक्रीही धरतात, काही धरत नाहीत.

कॅलिफोर्नियाची ऑर्डर आली तर दोनदा विचार कर. तिथं बाहेरच्या विक्रेत्याची नोंदणी नसेल तर ट्रान्सफर करणारा तिथला डीलरच विक्रेता मानला जातो आणि पूर्ण किमतीवर टॅक्स घेतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून तिथं बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के वेगळा कर सुरू झालाय. कोलोरॅडोतही १ एप्रिल २०२५ पासून साडेसहा टक्क्यांचा तसा कर आहे. गिऱ्हाइकाला हे आधी माहीत नसलं की तो काउंटरवर चिडतो आणि शिव्या तुला बसतात. म्हणून पैसे घेण्याआधी त्याला सांग, आणि पावतीवर किंमत, पाठवणी आणि घेतलेला टॅक्स, शून्य असेल तर शून्य, वेगवेगळ्या ओळीत लिही. तीच पावती समोरच्या डीलरला मालाबरोबर जाऊ दे. टेक्सासातल्या गिऱ्हाइकाला माल पाठवलास तर पाठवणीच्या खर्चावरही टॅक्स लागतो, तो नवा माणूस हमखास विसरतो.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. तुझे आजोबा शाहूपुरीत गुळाच्या अडत्याकडे दिवाणजी होते. सौदा झाला की शेतकऱ्याचे पैसे ते वेगळ्या पिशवीत बांधत. पेढीला कितीही चणचण असली तरी त्या पिशवीची गाठ सुटत नसे. मी लहानपणी विचारलं होतं, दोन दिवसांसाठी वापरले तर काय बिघडलं? ते म्हणाले, आपले नाहीत म्हणून. सेल्स टॅक्सचा पैसा अगदी तसाच आहे. गिऱ्हाइकानं दिला त्या क्षणी तो राज्याचा झाला, तुझ्याकडे फक्त ठेव आहे. मी पहिल्या वर्षी ही शिकवण विसरलो. हंगामाआधी माल भरायला तो पैसा वापरला, आणि २० तारखेला रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा तुझ्या मामीनं तिच्या बचतीतून पैसे काढून दिले. उशीर केला तर ३० दिवसांपर्यंत ५ टक्के दंड, पुढे १० टक्के, शिवाय रिटर्न उशिरा दिल्याचे ५० डॉलर. कंपनी काढलीस तरी हा पैसा खर्च केल्याची जबाबदारी तुझ्या अंगावर येऊ शकते. म्हणून बँकेत दुसरं खातं उघड आणि दर शुक्रवारी आठवड्याचा टॅक्स तिकडे वळता कर.

भाव ठरवताना एक हिशेब धर. वेळेवर भरलास तर टेक्सास अर्धा टक्का सूट देतं, म्हणजे त्या ४९.५० वर साधारण २५ सेंट. पण कार्डाची कंपनी समजा ३ टक्के घेत असेल, तर ते टॅक्सच्या रकमेवरही घेते, म्हणजे जवळजवळ दीड डॉलर. हा खर्च तुझाच. आणि बंदुकांचा धंदा म्हटल्यावर बऱ्याच कार्ड-कंपन्या खातंच देत नाहीत, त्यामुळे संकेतस्थळ बांधायच्या आधी तो करार हातात घे.

नोंदवही दोन प्रकारची. एटीएफची आवक-जावक वही: आलेली बंदूक कामाचा पुढचा दिवस संपेपर्यंत चढवायची, गेलेली सात दिवसांत, आणि ही वही व ४४७३ फॉर्म धंदा बंद होईपर्यंत जपायचे. टॅक्सचे कागद टेक्सासात चार वर्षं. मी दोन्ही वह्या महिनाअखेरीला समोरासमोर ठेवतो: जावक वहीतली प्रत्येक विकलेली बंदूक टॅक्सच्या पावतीत सापडली पाहिजे, किंवा ती ट्रान्सफर होती, परराज्यात गेली, पुनर्विक्रीला दिली ह्याचा कागद. दुसऱ्याच्या विक्रीची नुसती ट्रान्सफर करतोस त्यांना वहीत वेगळी खूण कर, नाहीतर त्या तुझ्या विक्रीत मिसळतात. तपासनीस हेच जुळवतो, आपण आधी जुळवलेलं बरं.

सुरुवातीला बारा महिने फक्त टेक्सास आणि शेजारची तीन-चार राज्यं ठेव, असं माझं मत आहे. आल्यावर आठवडाभर माझ्या दुकानात बस. २० तारखेच्या आत ये, मागच्या महिन्याचं रिटर्न आपण दोघं मिळून भरू.

तुझा मामा