रिव्ह्यूला मालकाने काय उत्तर द्यावे? सातारा जिल्ह्यातील वाचकांचे प्रश्न

गूगल मॅपवर आणि पार्सलच्या अ‍ॅपवर ग्राहक जे अभिप्राय लिहितात त्यांविषयी सातारा जिल्ह्यातील हॉटेलमालकांची, आणि एका ग्राहकाचेही, पत्रे आली आहेत. त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षेपाने दिली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : कास रस्त्यावर आमचे चुलीवरच्या जेवणाचे हॉटेल आहे. फुलांच्या हंगामात शनिवारी-रविवारी पठारावरून लोक एकदमच उतरतात, एक ते तीन या वेळेत सगळी टेबले भरतात आणि भाकऱ्या थापायला दोनच बायका असतात. म्हणून काही भाकऱ्या आधी करून टोपलीत ठेवाव्या लागतात. पुण्याच्या एका कुटुंबाने एक स्टार देऊन ‘पाऊण तास बसवून ठेवले, भाकरी गार’ असे लिहिले. माझ्या मुलाने त्याखाली ‘गर्दी दिसत नव्हती का? घाई असेल तर घरी जेवावे’ असे उत्तर टाकले. आता काय करावे?

उत्तर : चिरंजीवांचे उत्तर आजच बदला. गूगलवर मालकाला स्वतःचे उत्तर केव्हाही दुरुस्त करता येते किंवा काढून टाकता येते. ग्राहकाचा अभिप्राय मात्र तुम्हाला काढता येत नाही. पुढच्या रविवारी कासला निघालेले एखादे कुटुंब त्या एका स्टारने फारसे बिचकणार नाही, कारण हंगामात उशीर होतो हे सर्वांनाच कळते. पण ‘घरी जेवावे’ हे शब्द वाचले की ते गाडी पुढे काढील.

तेथे ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुन्हा सेवेची संधी द्यावी’ असे छापील वाक्य टाकूनही काही साधणार नाही. हे वाक्य कोणत्याही हॉटेलच्या कोणत्याही तक्रारीखाली चिकटवता येते आणि वाचणाऱ्याला ते लगेच समजते. उत्तरात मालकालाच ठाऊक असू शकेल अशी निदान एक गोष्ट असावी, असा माझा आग्रह असतो. तुमच्या पत्रात ती आहेच. तीच सरळ लिहा. उदाहरणार्थ : ‘रविवारी दुपारी आमच्याकडे भाकरीला दोनच बायका होत्या आणि ऑर्डरी मात्र आम्ही आवाक्याबाहेर घेतल्या. काही भाकऱ्या आधी करून ठेवलेल्या होत्या, त्याच आपल्याला गार मिळाल्या. चूक आमची आहे. हंगाम संपेपर्यंत शनिवार-रविवारसाठी आणखी एक बाई बोलावली आहे, आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार असेल तर ऑर्डर घेतानाच तसे सांगतो. मुलाने आधी दिलेले उत्तर योग्य नव्हते, त्याबद्दल क्षमा असावी.’

यात पाऊण तास की पस्तीस मिनिटे याचा वाद घातलेला नाही आणि ग्राहकाला गर्दीचे भान शिकवलेले नाही. ‘पुढच्या वेळी जेवण आमच्याकडून’ असे जाहीर आमंत्रणही दिलेले नाही. तसे दिल्यास गार भाकरीच्या तक्रारी वाढतील, कमी होणार नाहीत. भरपाई द्यावीशी वाटली तर ती प्रत्यक्ष भेटीत द्यावी, आणि अभिप्राय बदलण्याची अट घालू नये. एक पथ्य मात्र पाळा : आणखी एक बाई खरोखर बोलावली नसेल तर ते वाक्य लिहू नका. पुढच्याच रविवारी गार भाकरी मिळालेला ग्राहक तुमचे हे उत्तर वाचूनच आलेला असेल.

प्रश्न : वाईत आमचे शाकाहारी हॉटेल आहे. कामावरून काढलेल्या एका वेटरने आणि त्याच्या मित्रांनी एकाच रात्रीत पाच-सहा वाईट अभिप्राय टाकले. वकिलाची नोटीस पाठवावी का?

उत्तर : नोटिशीआधी गूगलकडे तक्रार करा. आजी-माजी कर्मचाऱ्याने आपल्या मालकाच्या व्यवसायाविषयी लिहिलेला अभिप्राय हा हितसंबंधांचा संघर्ष ठरतो, आणि प्रत्यक्ष अनुभव न घेता लिहिलेला मजकूर बनावट ठरतो. दोन्ही गूगलच्या धोरणाविरुद्ध आहेत. आपल्या व्यवसायाच्या प्रोफाइलमधून प्रत्येक अभिप्रायाची स्वतंत्र तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचे कारण नेमके निवडावे. पहिल्यांदा नकार आला तर फेरविचाराचा अर्ज करता येतो, पण तो एकदाच. म्हणून वेटर नोकरीत असल्याचा आणि सुटल्याचा कागद आधी हाताशी ठेवा. केवळ ‘हे खोटे आहे’ असे म्हटल्याने अभिप्राय निघत नाही, कारण मालक आणि ग्राहक यांच्यात कोण खरे बोलते आहे याचा निवाडा गूगल करीत नाही.

तोपर्यंत अभिप्रायाखाली ‘हा आमच्याकडून हाकललेला माणूस आहे’ असे लिहू नका. ‘या तपशिलाचे बिल आमच्या नोंदीत सापडत नाही, बिल क्रमांक किंवा भेटीची तारीख कळवल्यास चौकशी करू’ एवढे पुरे आहे. नोटिशीबद्दल म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे, परंतु लोकहितासाठी सांगितलेले सत्य त्याच्या अपवादांत बसते. वेटरने स्वयंपाकघरातील एखादी खरी गोष्ट लिहिली असेल, तर ती दुरुस्त करणे नोटिशीपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : पोवई नाक्याजवळ आमचे हॉटेल आहे. काउंटरवर क्यूआर कोडची पाटी ठेवून पाच स्टार देणाऱ्याला दोन कंदी पेढे देण्याचा विचार आहे. एका एजन्सीनेही पाच स्टारचे पन्नास अभिप्राय पैसे घेऊन टाकून देतो असे सांगितले आहे. दोन्हींत गैर काय?

उत्तर : पाटी ठेवायला कोणतीच हरकत नाही. पेढे द्यायचेच असतील तर जेवलेल्या प्रत्येकाला द्या, साताऱ्याचे नाव होईल. पण अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा वस्तू देण्यास गूगलची मनाई आहे, मग स्टार कितीही असोत. खूश दिसणाऱ्या ग्राहकापुढेच पाटी सरकवायची आणि कुरकुरणाऱ्याला टाळायचे, हेही त्याच नियमात बसत नाही.

एजन्सीचा मार्ग त्याहून वाईट आहे. बनावट अभिप्राय आढळल्यास गूगल काही काळ नवे अभिप्राय घेणे बंद करू शकते, जुने दडवू शकते, आणि या व्यवसायाचे बनावट अभिप्राय काढले आहेत अशी सूचना तुमच्या प्रोफाइलवर लावू शकते. ती सूचना दिसत राहण्यापेक्षा साडेतीन स्टार बरे. पार्सलच्या अ‍ॅपवर विक्री करीत असाल तर २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास बंदी आहे. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक म्हणून आले, पण लिहिणारा माणूस खरा आहे का हे संकेतस्थळाने पडताळावे, हा त्याचा रोख आहे. शिवाय विकतचे अभिप्राय ओळखायला फार अक्कल लागत नाही. ज्या माणसाने एकाच दिवशी साताऱ्यात मिसळ, जयपूरमध्ये दातांचा दवाखाना आणि कोचीत टायरचे दुकान ‘अप्रतिम’ ठरवले, त्याच्या नावावर बोट ठेवले की सगळे दिसते.

प्रश्न : कराडमध्ये आमची खानावळ आहे. एकाने लिहिले की आमच्याकडे रात्री जेवल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातील तिघांना उलट्या-जुलाब झाले. त्या रात्री शंभराहून अधिक लोक जेवले, दुसऱ्या कोणाचीही तक्रार नाही. खोटे आरोप सहन करावेत का?

उत्तर : हा आरोप खोटा आहे असे तुम्हाला आज सांगता येत नाही, आणि तो खरा आहे असे ग्राहकालाही सांगता येत नाही. उत्तर याच जाणिवेने लिहावे लागते. माणूस आजारी पडला की शेवटी बाहेर कोठे जेवलो ते त्याला आठवते, परंतु जंतू पोटात गेल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा वेळ, म्हणजे उष्मायन काळ, प्रत्येक जंतूचा वेगळा असतो. स्टॅफिलोकोकस या जंतूच्या विषाने अर्ध्या तासापासून आठेक तासांत उलट्या सुरू होतात. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या शिळ्या भातातील बॅसिलस सेरियसचेही काहीसे तसेच आहे. साल्मोनेलाला मात्र सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्रास झाला, म्हणजे तुमचे जेवण सुटले असे नाही आणि तेच दोषी ठरले असेही नाही.

हे वैद्यकशास्त्र अभिप्रायाखाली मांडू नका. तिघे आजारी असलेल्या घराला ‘उष्मायन काळ जुळत नाही’ असे सुनावणारा मालक, त्याचे म्हणणे बरोबर असले तरी, वाचणाऱ्याला निर्दय वाटतो. आधी तब्येतीची चौकशी करा, मग तुम्ही काय तपासले ते लिहा : त्या रात्रीचे कोणते पदार्थ कधी केले होते, उरलेल्या भाताचे काय केले, पिण्याचे पाणी कोठून येते आणि त्याची तपासणी केव्हा झाली. ‘शंभर जणांना काही झाले नाही’ हे वाक्य गाळा; शंभरांनी तुम्हाला कळवले नाही, इतकेच तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांचा कागद असल्यास पाहू इच्छितो असे म्हणा, पण आजाराचा तपशील जाहीरपणे विचारू नका. त्यासाठी आपला फोन नंबर द्या.

खरे काम स्वयंपाकघरात आहे. रोजच्या प्रत्येक पदार्थाचा छोटा नमुना तारीख घालून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय लावली तर पुढच्या वेळी अंदाजाने बोलावे लागणार नाही. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे बंधनकारक आहे. तो नसेल तर या ग्राहकाने अन्न व औषध प्रशासनाकडे जाण्याआधीच छापून घ्या.

प्रश्न : शिरवळजवळ महामार्गावर आमचे हॉटेल आहे. २० रुपयांची पाण्याची बाटली ३० रुपयांना दिली म्हणून ‘लुटारू’ असे लिहिले आहे. कायदा आमच्या बाजूने आहे ना?

उत्तर : आहे. हॉटेलने बसून जेवणाऱ्याला बाटली छापील किमतीहून अधिक दराने दिली तर वैधमापनशास्त्र (वजन-मापांविषयीच्या) कायद्याचा भंग होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. पण हा निकाल उत्तरात टाकलात तर वाचणारा ‘लुटारू आणि वर वकील’ असे समजेल. बाटलीचा दर मेनूकार्डावर ठळक छापला आहे का? छापला असल्यास तेवढेच सांगा आणि साधे गाळलेले पाणी फुकट मिळते हेही लिहा. छापलेला नसेल तर दहा रुपये परत करण्याची तयारी दाखवा.

प्रश्न : मी ग्राहक आहे. साताऱ्यातील एका हॉटेलमधून मागवलेल्या पार्सलबद्दल दोन स्टार दिले, तर मालकांनी माझ्या मोबाइलवर फोन करून अभिप्राय काढण्याची तीन वेळा गळ घातली. काढावा का?

उत्तर : तुम्ही लिहिले ते खरे असेल तर काढू नका. क्रमांक तुम्ही पार्सलसाठी दिला होता, मनधरणीसाठी नव्हे. दिलेली माहिती दिलेल्याच कामासाठी वापरावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचेही तत्त्व आहे. मालकांनी पदार्थ बदलून दिला किंवा पुढच्या वेळी सुधारणा दिसली, तर तारीख घालून तसे जोडा. जुना मजकूरही राहू द्या. रस्सा पिशवीत सांडला ही तक्रार असेल तर मात्र चूक पॅकिंगची होती की पोचवणाऱ्या मुलाची, हे पाहून स्टार द्यावेत.

प्रश्न : यादोगोपाळ पेठेत आमचे जुने हॉटेल आहे, गिऱ्हाईक सगळे ओळखीचे. या भानगडीत आम्ही का पडावे? आणि पडलोच तर नुसते तीन स्टार देऊन एक अक्षर न लिहिणाऱ्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर : ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी पडू नका. अर्थशास्त्रज्ञ मायकेल लूका यांनी अमेरिकेतील सिएटल शहरातील हॉटेलांचा अभ्यास केला होता. तेथे येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढल्याने स्वतंत्र हॉटेलांचे उत्पन्न पाच ते नऊ टक्के वाढले, साखळी हॉटेलांचे वाढले नाही. ज्याचे नाव आधीच माहीत आहे त्याचे स्टार कोणी मोजत नाही. पेठेतल्या माणसाला तुमचे नाव माहीत आहे, सज्जनगडाहून किंवा ठोसेघरहून परतताना जेवायला थांबणाऱ्याला नाही. असा ग्राहक तुमच्याकडे येत असेल, किंवा यावा असे वाटत असेल, तर आठवड्यातून एकदा गल्ला मिटवल्यावर अर्धा तास पुरतो.

आधी तक्रारींना उत्तर द्या, मग ज्यांनी पदार्थाचे नाव घेऊन कौतुक केले आहे त्यांना. नुसत्या स्टारना उत्तर दिले नाही तरी चालते. अभिप्राय ज्या भाषेत आला त्याच भाषेत उत्तर द्यावे. मराठीत लिहिणाऱ्याला इंग्रजीतून ‘डिअर गेस्ट’ म्हणू नये. आणि हे काम पुतण्याच्या मोबाइलवर सोपवणार असाल, तर निदान तक्रारींची उत्तरे पाठवण्याआधी स्वतः वाचून पाहा, कारण आमटी त्या दिवशी खारट का झाली हे त्याला ठाऊक नसते.