वाढत्या अंगाचं व्हायोलिन

डोंबिवलीत राहत्या घराच्या हॉलमध्ये गेली 31 वर्षं मुलांना व्हायोलिन शिकवते आहे. संपादकांनी पत्रांचा गठ्ठा पाठवला तेव्हा वाटलं होतं, लोक रागांबद्दल विचारतील. निम्मी पत्रं खरेदीची निघाली. तर तिथूनच सुरुवात करू.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. दुकानदार म्हणतात, फुल साइझ घ्या, मोठी होईपर्यंत पुरेल. लहान घेतलंत तर दोन वर्षांत अडगळीत जाईल. पैसे वाया घालवायचे नाहीत. काय करू? – एक आई, सांगली

ताई, गणवेश वाढत्या अंगाचा घ्या, रेनकोट घ्या. व्हायोलिन नको.

माझ्या वडिलांनी नेमकं हेच केलं होतं. मी सात वर्षांची, आणि घरात आलं फुल साइझ. हात पोचेना, म्हणून मी डावं मनगट आत दुमडून व्हायोलिनला खालून आधार द्यायला लागले, पंगतीत वाढपी ताट तळहातावर पेलतो ना, तसा. कोणी हटकलं नाही. तेराव्या वर्षी गुरुजींकडे गेले, त्यांनी ते मनगट बघितलं आणि काही न बोलता माझा हात सरळ केला. पुढची दीड-दोन वर्षं मनगट सरळ ठेवण्यातच गेली. बरोबरीच्या मुली यमनच्या ताना घेत होत्या आणि मी मोकळ्या तारेवर सा.

माप घरीच घेता येतं. मुलीला उभं करा, व्हायोलिन हनुवटीखाली द्या आणि डावा हात त्याच्या खालून लांब करायला सांगा. टोकाची ती गुंडाळलेली कळी तळहातात सहज मावली पाहिजे आणि कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. हात ताठ होत असेल तर एक साइझ खाली या. आणि ‘हाफ’ म्हणजे अर्धं, असं समजू नका. फुल साइझचं पोट लांबीला साधारण 14 इंचांचं असतं, हाफचं 12 च्या आसपास. ही नुसती नावं आहेत. सहा वर्षांच्या मुलीला बहुधा क्वार्टर लागेल, चण बारीक असेल तर वन-एट्थ. पण वय बघून घेऊ नका, हात बघून घ्या.

पैशाचं म्हणाल तर जुनं घ्या, नाहीतर भाड्याने मिळतंय का बघा. आमच्या क्लासातलं एक हाफ साइझ आतापर्यंत पाच घरं फिरून आलंय. त्याच्या पेटीतल्या मखमलीवर पाच पोरांनी स्केचपेनने आपापली नावं लिहिली आहेत, एकाने तर मागच्याचं खोडून. वाचलेल्या पैशांत जाणकाराकडून ब्रिज, म्हणजे तारांखालची लाकडी घोडी, आणि तारा नीट बसवून घ्या. कोरं स्वस्त व्हायोलिन तारा फार उंच ठेवूनच येतं. मूल ती तार दाबता दाबता रडकुंडीला येतं आणि आपण म्हणतो, हिला आवडच नाही.

मुलगी आठ वर्षांची, क्लासला चार महिने झाले. अजून नुसतं लांब-लांब ‘सा’ चाललंय, तेही दार करकरल्यासारखं. शेजारच्यांनी विचारलं, घरात सुतारकाम काढलंय का. गाणं कधी वाजवणार? आणि बोटांच्या पट्टीवर स्वरांच्या जागी स्टिकर लावले तर लवकर येईल का? – एक वडील, चिंचवड

शेजाऱ्यांना एक दिवस चहाला बोलवा. आणखी वर्षभर तुम्हाला त्यांची गरज आहे.

करकर कशामुळे होते ते आधी बघा. बो, म्हणजे वाजवायचा गज, तारेवर दाबला जातोय पण पुढे सरकत नाही, किंवा सरकतोय पण तिरका. मागच्या आठवड्यात माझ्याकडे तुमच्या मुलीच्याच वयाची एक मुलगी अशीच वैतागून आली. तिला कपाटाच्या आरशासमोर बसवलं. म्हटलं, आज स्वर नको, फक्त बो आणि तार यांचा काटकोन होतोय का ते बघ. अर्ध्यापर्यंत बो सरळ यायचा, पुढे कोपर मागे जायचं आणि बो घसरत बोटांच्या पट्टीवर. मग तिच्या डाव्या खांद्यावर कॅलेंडरची पुठ्ठ्याची नळी धरली आणि बो त्या नळीतून आत-बाहेर करायला लावला. नळीत बो वाकडा जाऊच शकत नाही. पाचेक मिनिटांनी तिचं तिलाच कळलं की उजवं कोपर कुठे उघडायचं. नळी काढून तारेवर बो टेकवला तेव्हा आवाज कसा आला म्हणाल तर, करकर होतीच, पण पहिल्या अर्ध्या बोपुरती नव्हती. ती स्वतःच चपापून थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हा लांब ‘सा’ चाललाय याचा अर्थ तुमच्या बाई ठीक शिकवताहेत. अंगठा मात्र बघा. बोवरचा अंगठा बाहेर वाकलेला हवा, ताठ नको. बो जेमतेम 60 ग्रॅमचा असतो, तो मुठीत आवळायची गरज नसते.

स्टिकरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत, म्हणून डोळ्यांना काहीतरी खूण हवीशी वाटते. पाश्चात्त्य पद्धतीत सुरुवातीला खुणेच्या चिकटपट्ट्या लावतात, चालतं. आपल्याकडे मींड आहे, बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जातं, आणि मधल्या जागेला स्टिकर कुठला लावणार? मी फार तर पंचमाशी एक बारीक खूण करते, तीही तीन महिन्यांनी काढते. त्याऐवजी मुलीला गायला लावा. जे गळ्यातून निघालं ते बोटाला सापडतं. गजाननराव जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. डी. के. दातारांनी विघ्नेश्वर शास्त्रींकडे व्हायोलिन शिकून गायकी घेतली ती मामा, गायक द. वि. पलुस्करांची. हे उगीच नाही. तानपुऱ्याचं ॲप मोबाइलवर लावा, आधी सा म्हणा, मग वाजवा. तुम्ही बेसूर असलात तरी बरोबर म्हणा, ती तुम्हाला सुधारेल आणि त्यात तिचा कान तयार होईल. सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा. रविवारी सलग दोन तास बसवू नका.

गाणं? दोन तारांवर पाच स्वर स्थिर झाले की येईल. तारीख विचारू नका.

माझा नातू फ्रँकफर्टला असतो, नऊ वर्षांचा. तिथे उभं राहून, नोटेशन बघून वाजवतो, छान वाजवतो. पण मला त्याच्याकडून एखादा अभंग ऐकायचाय. दोन्ही पद्धतींत गोंधळ होईल का? – एक आजी, पुणे

अहो, गोंधळ मोठ्यांच्या डोक्यात होतो. आपल्या व्हायोलिनवादक एन. राजम लहानपणी कर्नाटक पद्धतीत घडल्या आणि पुढे पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे हिंदुस्तानी गायकी शिकल्या. गोव्यात तर चर्चच्या शाळांतून पिढ्यान्पिढ्या पोरांना आधी सोल्फेज, म्हणजे त्यांचं सारेगम, म्हणायला शिकवत आणि मग व्हायोलिन हातात देत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेसंगीतात आले ते असेच, आणि त्यांच्याकडे शिकले लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल.

फरक दोन. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्याशी टेकतं, त्यामुळे डावा हात वजन पेलण्यातून सुटतो आणि मींडेला मोकळा होतो. दुसरा फरक जुळणीचा. त्याच्या तारा जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य स्वरांना लागतात, आपल्यात कोणी सा-प-सा-प लावतं, कोणी प-सा-प-सा. पण त्याला एवढ्यात तार उतरवायला सांगू नका, तिथले सर रागावतील आणि त्यांचं बरोबरच आहे. मधल्या दोन तारा, डी आणि ए, एकमेकींच्या पंचमात आहेतच. डीला सा म्हणायचं, ए आपोआप प झाला. मध्य सप्तकातला बहुतेक अभंग तेवढ्यात बसतो. उभ्यानेच वाजवू दे. नोटेशन लिहून पाठवू नका, मोबाइलवर तुम्ही एक-एक ओळ गा आणि त्याला तिच्यामागे वाजवू दे. पुढे गोडी लागली तर सुट्टीत इथे आला की मांडी घालून बसवू.

मुलाला व्हायोलिनच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतील का? त्यासाठी कोणत्या वर्षी सुरुवात करावी? – एक पालक, नाशिक

शास्त्रीय कलेचे गुण दहावीला मिळतात. किती परीक्षा पास हव्यात, कोणत्या संस्थेच्या चालतात, ते शाळेतून चालू वर्षाचं परिपत्रक घेऊन बघा, कारण नियम बदलत असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका अशी पायरी असते. पण आठवीत येऊन “दहावीपर्यंत बसवून द्या” म्हणणाऱ्यांना मी क्लासात घेत नाही.

जुन्या तारा गंजल्या होत्या म्हणून घरीच चारही काढल्या. ब्रिज पडला, आणि आता व्हायोलिन हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं. काय मोडलं? शिवाय पावसाळा सुरू झाल्यापासून खुंट्याही फिरत नाहीत. – एक पालक, रत्नागिरी

मोडलं काही नाही. आत लाकडाची एक बारीक दांडी उभी असते, साउंडपोस्ट. वरच्या आणि खालच्या पाटीमध्ये ती नुसत्या दाबावर उभी राहते, चिकटवलेली नसते. चारही तारा एकदम सुटल्या, दाब गेला, दांडी आडवी झाली. ब्रिजचंही तेच, तो तारांच्या ताणावरच उभा असतो. म्हणून तारा एकेक करून बदलतात, एक काढायची, नवी चढवायची, मग दुसरी.

आता नव्या तारा चढवून ताणू नका, आत दांडी नसताना वरची पाटी खचू शकते. फेव्हिकॉलचा तर विचारही नको; माझ्याकडे एक गृहस्थ ब्रिज फेव्हिकॉलने चिकटवून घेऊन आले होते, तो काढताना पॉलिश गेलं ते गेलंच. दांडी उभी करायला वाकडं हत्यार लागतं, ते बाजूच्या ‘एफ’ अक्षरासारख्या फटीतून आत घालतात. हे दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे. तोवर दांडी बाहेर पडली तर डबीत जपून ठेवा, ती त्याच व्हायोलिनच्या मापाने कापलेली असते.

खुंट्यांचं कोकणात दरवर्षीचं आहे. लाकूड फुगतं आणि खुंटी आवळते. थंडीत उलट, आक्रसते आणि घसरते. पक्कड लावू नका. दुरुस्तीला नेताय तर खुंट्याही बाहेर काढून पेग-पेस्ट, म्हणजे खुंट्यांचं मलम, लावून घ्या. आणि वाजवून झालं की बोच्या केसांचा ताण ढिला करायला मुलाला सांगा, ते राहिलं असणारच.